माझ्या बंपरला चिकटून येणाऱ्या चालकांना खुले पत्र

महामार्गावर पुढची गाडी हळू आहे म्हणून तिला खेटून, डिपर मारत, हॉर्न दाबून धरत चालवणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी तुमच्यापैकी एक जण 11 किलोमीटर माझ्या मागे होता. मी अगदी कडेच्या लेनमध्ये होतो, ताशी 60 ने. मागच्या सीटवर माझी आई होती, पाठीशी उशा लावून, पट्टा बांधून बसवलेली. मणक्याची शस्त्रक्रिया होऊन तिला नुकतंच घरी सोडलं होतं. डॉक्टरांनी निघताना एकच सांगितलं होतं, गचका बसू देऊ नका. पुलाचे सांधे आले की ती श्वास रोखून धरायची आणि गाडी पलीकडे गेली की सोडायची. 60 च्या वेगाला सांध्यावर नुसता टक असा आवाज येतो. 80 ला तोच सांधा पाठीत बसतो. हा फरक मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता.

तो इतका जवळ होता की आरशात त्याचं बॉनेट दिसत नव्हतं. दिसत होती फक्त समोरची काच आणि काचेमागचा चेहरा. शेजारची लेन भरलेली होती, त्यामुळे त्याला पुढे जायला जागा नव्हती. मला आणखी कडेला सरकायला रस्ता नव्हता. संध्याकाळ झाली तशी त्याने लाईट वर केली आणि आमच्या गाडीचं आतलं छत लखलखायला लागलं. आई म्हणाली, "अरे, जाऊ दे की त्याला पुढं." मी म्हटलं, "आई, मी कुठं धरून ठेवलंय त्याला?" त्यानंतर ती काही बोलली नाही. पण पुढच्या सांध्याला तिने श्वास रोखला तो बराच वेळ सोडलाच नाही.

तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. आता तो उतरला आहे. आता मागे वळून बघताना त्या चेहऱ्याची ओळख पटते, कारण वीस-एक वर्षं मी तसाच चालवत होतो.

माझी खात्री होती की मी गाडी चांगली चालवतो. पुढची गाडी हळू दिसली की तिच्या मागे जाऊन लागायचं, दोनदा डिपर द्यायचा, साईड मिळाली नाही तर आणखी जवळ जायचं. शेजारी बसलेली बायको उजवा पाय पायाखालच्या मॅटवर दाबून धरायची, तिथे ब्रेक असल्यासारखा. मी ते पाहायचो आणि दुर्लक्ष करायचो. एके दिवशी पुढच्या छोट्या गाडीने एकदम ब्रेक लावला. का लावला ते मला आजही माहीत नाही. माझ्या पुढे जागाच नव्हती. मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गेली आणि त्या गाडीच्या बरोबर बाजूला जाऊन थांबली. आत एक कोवळी मुलगी होती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, नजर समोर. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी काच खाली करून काहीतरी बोलायला हवं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. ती पट्टी रिकामी होती म्हणून आम्ही दोघं वाचलो. तिथे एखादी बंद पडलेली गाडी उभी असती, टायर बदलणारा माणूस असता, तर आज हे पत्र लिहायला मी मोकळा नसतो. माझ्या चांगल्या चालवण्याचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

म्हणून तुमच्याशी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असं समजून लिहितो.

आधी वेळेचं बोलू, कारण घाई वेळेसाठी असते. त्या 11 किलोमीटरचा हिशोब मी घरी आल्यावर कागदावर केला. ताशी 60 ने 11 मिनिटं लागली. मधे मी नसतो आणि तो 90 ने गेला असता तर 7 मिनिटं 20 सेकंद लागली असती. म्हणजे माझ्यामुळे त्याची 3 मिनिटं 40 सेकंद गेली. ही काहीच नाहीत असं मी म्हणणार नाही. कुणाची गाडी सुटायची असेल, कुणी दवाखान्यात वाट पाहत असेल, तर चार मिनिटंही मोठी असतात. पण मला खेटून चालल्याने त्यातला एक सेकंदही त्याला परत मिळाला नाही. शेजारच्या लेनमध्ये जागा व्हायची तेव्हाच झाली.

वेग जितका जास्त, तितका आणखी वेग वाढवून वाचणारा वेळ कमी. मनाला हे पटत नाही, म्हणून आकडे बघा. 10 किलोमीटरला 40 च्या ऐवजी 50 ने गेलात तर 15 मिनिटांची 12 होतात, तीन मिनिटं वाचतात. त्याच अंतराला 100 च्या ऐवजी 120 ने गेलात तर 6 मिनिटांची 5 होतात. आधी 10 ने वाढवला होता, इथे 20 ने वाढवला, आणि वाचलं ते एकच मिनिट. त्या मिनिटासाठी गाडीतली ऊर्जा मात्र 44 टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत चढते. थांबायची वेळ आली की ही सगळी ऊर्जा ब्रेकना जिरवावी लागते. ब्रेकना जमलं नाही तर ती पत्र्यात जिरते, आणि पत्र्याच्या आत बसलेल्यांत.

तो माझ्या मागे साधारण पाच मीटरवर होता. 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. त्याच्या हातात एका सेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा नव्हता. लक्ष पूर्ण रस्त्यावर असलेल्या माणसालाही लाल दिवा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. पुष्कळांना त्याहून जास्त. "पण पुढचाही जागच्या जागी थोडाच थांबतो?" हा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे. खरं आहे, नाही थांबत. पण तो ब्रेक लावायला लागल्यावर तुमची गाडी आणखी एक सेकंद पूर्ण वेगात धावत असते. ते 17 मीटर तुम्हाला पाच मीटरमध्ये बसवायचे असतात.

तुम्हाला एक साधी गोष्ट सांगतो, जी मला कुणी शिकवली नव्हती. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा पाटीपाशी पोहोचली की मनात म्हणा, एक हजार एक, एक हजार दोन. हे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी आलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट करायचं. जर्मनीत दुसरा सोपा हिशोब शिकवतात. स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या निम्मे मीटर अंतर ठेवा, 100 ला 50. त्याच देशात मागून सतत चिकटून, डिपर मारत समोरच्याला बाजूला व्हायला भाग पाडणं हा फौजदारी कायद्याखाली जबरदस्तीचा गुन्हा ठरू शकतो. जबरदस्ती हा शब्द मला नेमका वाटतो. मी वीस वर्षं त्याला ड्रायव्हिंग म्हणत होतो.

अंतर ठेवलं की कुणीतरी मधे घुसतं, ही तुमची तक्रार मला ठाऊक आहे. घुसतं. मग काय होतं? तुम्ही पुन्हा दोन सेकंदांचं अंतर करता. म्हणजे तुमचे दोन सेकंद गेले. अख्ख्या प्रवासात दहा जण घुसले तर वीस सेकंद. हा हिशोब कळल्यापासून मला कुणी मधे घुसल्याचा राग येत नाही.

आता त्या हळू गाडीविषयी. 1968 चा रस्ते वाहतुकीचा व्हिएन्ना करार आहे, अनेक देशांचे वाहतुकीचे नियम त्याला धरून आहेत. त्याच्या तेराव्या कलमात दोन्ही बाजू एकत्र सांगितल्या आहेत. पुढचा एकदम हळू झाला किंवा थांबला तरी धडक होणार नाही इतकं अंतर मागच्याने ठेवायचं. आणि योग्य कारणाशिवाय अवाजवी हळू चालवून कुणी इतरांचा खोळंबा करायचा नाही. योग्य कारणाशिवाय, हे शब्द महत्त्वाचे. कारण आहे की नाही हे मागून दिसत नाही. माझ्या गाडीत मणक्याला टाके घातलेली आई आहे हे त्याला कसं दिसणार? मी दिवे लावून पाटी फिरवत नव्हतो.

कुणाच्या गाडीला तात्पुरतं स्पेअर चाक लावलेलं असतं. अशा अरुंद चाकावर बहुतेक वेळा 80 च्या वर जायचं नाही असं छापलेलंच असतं. कुणाच्या इंजिनाने बिघाड ओळखून स्वतःच ताकद कमी केलेली असते. पाय पूर्ण दाबला तरी गाडी पळत नाही आणि तो बिचारा गॅरेजपर्यंत पोहोचायच्या खटपटीत असतो. कुणी काच वाहून नेत असतं, कुणी जनावर. कुणाचं वय झालेलं असतं. वाढत्या वयात समोरून आलेल्या झगझगीत प्रकाशानंतर डोळा सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मागून लाईट मारली की तो आणखी हळू होणार, त्याला दुसरा उपायच नाही.

ट्रकवाल्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपण सगळ्यात जास्त त्यांच्यावर खेकसतो. 40 टन वजनाची गाडी 6 टक्क्यांचा चढ चढते, म्हणजे दर शंभर मीटरला सहा मीटर वर जाते, तेव्हा 450 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोर लावूनही तिला ताशी 50 च्या वर नेऊ शकत नाही. हे सरळ गणित आहे, ड्रायव्हरच्या स्वभावाचा त्यात संबंध नाही. उतारावर तर तो मुद्दाम हळू असतो. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर धरून ठेवलं तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. म्हणून जाणता ड्रायव्हर वरच खालचा गिअर टाकतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरतो. त्या वेळी आपण मागून हॉर्न वाजवतो तो त्याच्या शहाणपणाला. आपल्या पुढच्या सगळ्या लोकांचे जीव त्या खालच्या गिअरवर अवलंबून असतात.

आणि एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करायला घेतो आणि कितीतरी वेळ दोघे शेजारी शेजारी चालत राहतात, तेव्हा आपला संताप होतो. युरोपीय संघात जड ट्रकना 90 च्या पुढे जाऊ न देणारं यंत्रच बसवलेलं असतं. एकाचं 88 ला अडतं, एकाचं 90 ला. दोघांतला फरक ताशी 2 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा थोडा जास्त. दोन लांबलचक गाड्या आणि पुढे-मागे ठेवायची जागा धरून शंभर मीटर कापायचे तर तीन मिनिटं लागतात. त्याचा पाय आधीच तळाला टेकलेला असतो. तुमचा डिपर त्याला काय पळवणार? त्याने हा ओव्हरटेक करायला हवा होता का, यावर वाद होऊ शकतो, आणि मागे रांग असताना करू नये असं माझंही मत आहे. पण तो सुरू झाल्यावर मागे शांत राहणं एवढंच आपल्या हातात असतं.

तुम्ही पुढच्या गाडीच्या मागे पाच मीटरवर असता तेव्हा तुमच्या सगळ्यात जवळ कोण असतं, याचा कधी विचार केलाय? मागच्या सीटवरची माणसं. लहान मुलांना आपण मागे बसवतो, कारण मागे ती जास्त सुरक्षित असतात. त्यांच्या डोक्यात आणि तुमच्या बंपरमध्ये एक डिकी आणि ते पाच मीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगभरात वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर जातात. 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. मी हे वाचलं तेव्हा मला ती स्टिअरिंग घट्ट धरलेली मुलगी आठवली.

तुम्ही मागे लागल्यावर पुढच्याच्या मनात काय होतं, तेही सांगतो, कारण आता मी दोन्ही जागी बसलो आहे. त्या 11 किलोमीटरमध्ये माझं निम्मं लक्ष आरशात होतं. पुढचा पुलाचा सांधा मला एकदा दिसलाच नाही. आईला तो बसला. कुणी घाबरून वेग वाढवतो आणि त्याला न पेलणाऱ्या वेगात वळणावर जातो. कुणी चिडून मुद्दाम ब्रेक दाबतो. तुम्हाला वाटतं आपण त्याला भानावर आणतोय, पण तो भान हरवत असतो.

असं कुणी मागे लागलं तर काय करावं, हे मला एका जुन्या ट्रक ड्रायव्हरने सांगितलं. "तुमच्या पुढची जागा वाढवा," म्हणाला. "मागच्याकडे थांबायला जागा नाही ना? मग त्याची जागा तुम्ही पुढे ठेवायची. काही झालं तर हळूहळू ब्रेक लावता आला पाहिजे, दोघांसाठी." ज्याने आपल्याला छळलं त्याच्यासाठीही पुढे जागा ठेवायची, हे मला फार मोठं वाटलं. मी त्या संध्याकाळी तेच केलं.

2008 मध्ये जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटर घेराच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना ताशी साधारण 30 ने चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, अपघात नाही, हळू चालवणारा कुणी नाही. थोड्या वेळात कोंडी झाली. एकाचं अंतर किंचित कमी झालं, त्याने थोडा ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि शेवटी एक जण पूर्ण थांबला. ती कोंडी लाटेसारखी मागे मागे सरकत राहिली. महामार्गावर काहीच कारण नसताना वाहतूक अडते आणि काहीच कारण नसताना सुटते, ते हेच. खेटून चालणारा सतत ब्रेकवर पाय ठेवतो आणि त्याच्या मागे दोन किलोमीटरवर कुणीतरी थांबलेला असतो. अंतर ठेवून चालणारा ही लाट आपल्या मोकळ्या जागेत जिरवून टाकतो.

हळू चालवणाऱ्यांचं काहीच चुकत नाही असं मी म्हणत नाही. ओव्हरटेकिंगच्या लेनमध्ये रमतगमत चालणं, बाजूची लेन रिकामी असताना तिथून न हलणं, हे चूक आहे. फोनवर बोलता बोलता वेग 100 वरून 70 ला आणि परत 100 ला नेणं तर धोकादायकच. कॅलिफोर्नियात दुपदरी रस्त्यावर, जिथे ओव्हरटेक करणं धोक्याचं असतं, तिथे हळू चालणाऱ्याच्या मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर त्याने सुरक्षित जागा बघून बाजूला व्हायचं असा कायदा आहे. मला तो न्यायाचा वाटतो. आईला घेऊन जाताना मीही दोनदा विसाव्याच्या जागी वळून मागच्यांना जाऊ दिलं होतं. पण समोरचा चुकला तरी त्याच्यामागचं अंतर तुमच्याच ताब्यात असतं.

जपानमध्ये 1972 पासून नवशिक्या चालकाने गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह लावायचं असतं, आणि अशा गाडीला बाजूने खेटणं किंवा तिच्यापुढे कट मारून घुसणं कायद्याने मना आहे. त्याच देशात 2017 मध्ये तोमेई द्रुतगती मार्गावर एका चालकाने एका कुटुंबाच्या गाडीचा पाठलाग केला आणि पुढे आडवं येऊन तिला रस्त्यावरच थांबायला लावलं. विश्रांतीच्या ठिकाणी गाडी नीट लावा, असं त्या कुटुंबातल्या वडिलांनी त्याला म्हटलं होतं, एवढंच निमित्त. मागून ट्रक येऊन धडकला. आईवडील गेले, दोन मुली वाचल्या. त्यानंतर 2020 मध्ये अशा अंगावर येणाऱ्या चालवण्याला तिथे वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात जागा मिळाली. खेटणं, विनाकारण ब्रेक मारणं, सतत हॉर्न, मोठी लाईट, सगळं त्यात येतं. द्रुतगती मार्गावर दुसऱ्याला थांबायला लावण्यासारखा मोठा धोका निर्माण केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. कायदा व्हायला हवाच होता. पण त्या दोन मुली तेव्हा आईवडिलांसोबत होत्या, आणि हा कायदा त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. हळू गाडी दिसली की आधी पाय उचला. एक हजार एक, एक हजार दोन म्हणा. लाईट खाली ठेवा. जागा मिळाली की इंडिकेटर देऊन, पुरेसं बाहेर येऊन पुढे जा, आणि गेल्यावर लगेच तिच्या तोंडासमोर घुसू नका. नाहीच मिळाली जागा, तर आत कुणीतरी श्वास रोखून बसलं आहे असं धरून चला.

पुढच्या महिन्यात आईची तपासणी आहे. आम्ही त्याच रस्त्याने, त्याच कडेच्या लेनमधून, ताशी 60 ने जाऊ. तुम्ही मागून आलात तर मी तुम्हाला आरशात पाहीनच. तुम्ही बाहेर पडायला लागलात की मी वेग वाढवणार नाही, थोडा कमीच करीन, म्हणजे तुम्हाला परत आत यायला जागा राहील.

आपला,
कडेच्या लेनमधला एक चालक